हँडलवरची पांढरी रेघ

२ फेब्रुवारी

आज पडता पडता वाचलो. त्याला जबाबदार गाडीच्या हँडलच्या ग्रिपा आहेत, हे आजच लिहून ठेवतो. उद्या कुणी भलतंच काही म्हणायला नको.

हिने शिवलेल्या गणवेशांचं गाठोडं घेऊन आम्ही दोघं दुकानदाराकडे निघालो होतो. दर आठवड्याला जातो. ही शिवते, मी मोटरसायकलवरून पोचवतो. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून माझं कामच हे. ही मागे, गाठोडं दोघांच्या मध्ये. पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर पिळला आणि उजवा हात ग्रिपवरून सटकन निसटला. गाडी ऐन चढात बंद. मागच्या ट्रकवाल्याने खिडकीतून मुंडी बाहेर काढून माझ्या वयाचा उद्धार केला. मीही त्याच्या सात पिढ्यांचा केला. ही उतरली आणि गाठोडं पोटाशी धरून पूल संपेपर्यंत चालत आली. म्हटलं, बस आता. तर म्हणे, राहू दे, पाय मोकळे होतात. बायकोला गाडीवर बसायची भीती वाटावी, ही वेळ त्या दोन रबराच्या नळकांड्यांनी माझ्यावर आणली.

घरी येऊन ग्रिपा नीट पाहिल्या. घासून घासून पार गुळगुळीत. वरची नक्षी नावालासुद्धा उरलेली नाही. हात निसटणार नाही तर काय होणार?

हे पेनही भंगार आहे. दोन ओळी लिहिल्या की बोटांतून घरंगळतं. हल्ली एक वस्तू धड बनवत नाहीत.

४ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे जाऊन आलो. त्याचं नाव मी 'होऊन जाईल' ठेवलंय, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. ब्रेक लागत नाही? होऊन जाईल. टाकी गळते? होऊन जाईल. आणि आज, जेव्हा मला तेच ऐकायचं होतं, तेव्हा हा शहाणा ग्रिपांवरून अंगठा फिरवून म्हणतो, "काका, ग्रिपा चांगल्या आहेत, अजून वर्षभर चालतील. तुम्ही पडलात का कुठे?"

माझं डोकंच सणकलं. तीस वर्षं मी कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, त्याचाच पगार. चांगलं काय आणि टाकाऊ काय, हे मला हा पोरगेला मिस्त्री शिकवणार? म्हटलं, तुझ्या मेहेरबानीची गरज नाही, मी घरी बसून स्वतः बदलीन. तर म्हणाला, "होऊन जाईल." पण असं म्हणाला की मला आणखीनच राग आला.

येताना सुट्या भागांच्या दुकानातून नव्या ग्रिपांची जोडी आणली. खरं सांगायचं तर आजवर मी गाडीचा एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. मी तपासायचो, करायचे दुसरे. पण रबर काढायचं आणि रबर घालायचं, यात काय आकाश कोसळणार आहे?

७ फेब्रुवारी

आकाश कोसळलं.

जुन्या ग्रिपा निघता निघेनात. पिळल्या, ओढल्या, कोमट पाणी ओतलं. जागच्या हलतील तर शपथ. हल्ली सकाळी ही लेकीच्या स्कूटरवर बसून मैदानात चालायला म्हणून जाते. लेक दोन गल्ल्या सोडून राहते, ती न्यायला येते. म्हणजे घरात मी एकटा. संतापाच्या भरात शिवणाच्या टेबलावरची कात्री घेतली आणि दोन्ही ग्रिपा उभ्या कापून काढल्या.

ती कापडाची कात्री होती. ज्या कात्रीने कुणी कागद कापला तरी या घरात संध्याकाळचा स्वयंपाक होत नाही, ती. ही आली, कात्री पाहिली, चिंधीवर चालवून पाहिली. कापड कापलं जाईना, नुसतं चावलं जात होतं. हिने कात्री शांतपणे खणात ठेवली, दुकानात जाऊन नवी आणली आणि कामाला बसली. एक शब्द नाही. अरे, बोल की. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. जुन्या ग्रिपांचे तुकडे मी कचऱ्यात टाकले होते, तेही उचलून बटणांच्या डब्याशेजारी ठेवले. या बाईला काही टाकवतच नाही.

हिच्या कोपराला खरचटलं होतं. विचारलं तर म्हणे मैदानात पाय घसरला. सपाट मैदानात पाय घसरतोच कसा? आणि लेकीच्या स्कूटरचा आरसा तडकलाय. कारट्या मुलीला वस्तू सांभाळायची अक्कल नाही.

८ फेब्रुवारी

दोन ग्रिपांपैकी एकीचं भोक मोठं, एकीचं लहान. सरळ सरळ सदोष माल. तसाच दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की उजव्या बाजूला ग्रिपच्या आत ॲक्सिलरेटरची प्लॅस्टिकची नळी फिरत असते, म्हणून त्या ग्रिपचं भोक मोठंच असतं. गिऱ्हाइकं दात काढत होती. हे पाकिटावर छापायला काय धाड भरली होती?

घरी आलो. घालायला घेतली तर रबर आत जाईना. तळहाताला नुसती कळ लागली. शेवटी हिच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेतली आणि दोन्हींच्या आत चांगलं तेल सोडलं. डावी गेली. उजवी निम्म्यात अडकून बसली. इतक्यात लेक आली. म्हणाली, बाबा, सरका, आणि एका दणक्यात उजवी आत. मी बरीचशी आणून ठेवली होती म्हणून, नाहीतर तिच्याच्याने काय होणार होतं? तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. हल्ली या दोघींचं हे फार चाललंय. मी खोलीत आलो की बोलणं बंद आणि बघणं सुरू.

मग मी कारखान्यातली रेघ मारायला घेतली. आमच्याकडे नट आवळून तपासून झाला की पांढऱ्या रंगाने एक रेघ मारायचे, अर्धी नटवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. मग कामगार कितीही शपथा घेवो, रेघेपुढे कुणाचं चालायचं नाही. तशीच रेघ डावीकडे ग्रिपवर आणि दांड्यावर, उजवीकडे ग्रिपवर आणि आतल्या नळीच्या कडेवर. रेघ काही सरळ आली नाही. ब्रशचे केस झडलेत.

९ फेब्रुवारी

उजवी रेघ तुटली. गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली, ॲक्सिलरेटर पिळला, तर रबर नळीवर गरागरा फिरतंय आणि इंजिन ढिम्म. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून चांगले बोटभर लांब.

मी सांगत होतो ना? दोष ग्रिपचाच. हिला अंगणात बोलावून रेघ दाखवली. ही म्हणाली, तेल घातल्यावर दुसरं काय होणार. बरं, तेलाचं चुकलं, मान्य आहे. पण निसटतं ते रबर, हे तर सिद्ध झालं?

हिने माझ्या हातात फडकं दिलं. म्हणाली, या खेपेचं गाठोडं मी लेकीबरोबर स्कूटरवरून पोचवते. आणि गेल्यासुद्धा दोघी. मी फाटकाशी हातात फडकं घेऊन उभा. समोरच्या घरातली म्हातारी विचारते, आज तुम्ही नाही गेलात? म्हटलं, गाडी दुरुस्तीला आहे. मोडीत काढलेल्या यंत्रासारखं मला माझ्याच दारात उभं केलं यांनी.

१२ फेब्रुवारी

या घरात मला न विचारता काय काय चालतं ते आज उघडकीला आलं.

सकाळी शर्ट घातला तर पुढच्या पट्टीला बटणं नुसती शोभेची. मागून टिचबटणं. एकेक करून सगळे शर्ट बाहेर काढले. सगळ्यांना तेच. लहान मुलांच्या झबल्याला लावतात तशी. विचारलं, हा काय चावटपणा? म्हणे, सोयीचं पडतं. कुणाच्या सोयीचं? मी बटणं लावायला जरा वेळ घेतो, कारण हिची काजं घट्ट असतात. चांगली शिवणारी म्हणून नाव आहे आणि काजं घट्ट. बरं, मग काजं सैल कर ना.

त्यात चहाचा कप फुटला. कानाची ठेवणच चुकीची, त्यात एकसुद्धा बोट धड बसत नाही. त्यात न्हाणीघराचा नळ. मी बंद करतो आणि तो टिपकत राहतो, आणि ही मागून जाऊन पुन्हा बंद करते, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसतं. वॉशर गेलाय, बदलायला हवा, पण ऐकतं कोण.

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना हात दाखवू या."

मी म्हटलं, ग्रिपा खराब झाल्या की डॉक्टरांकडे जायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. उद्या चाक पंक्चर झालं की माझ्या पायाला प्लास्टर घाल. मग मी बरंच बोललो. ही काजं करत बसली. जेवताना माझ्या पुढ्यात चमचा ठेवला होता, तो मी सरकवून दिला.

१५ फेब्रुवारी

झालं. या वेळी असं काम केलंय की कारखान्यातला मी आज अंगणात आलो असतो तरी त्याला चूक सापडली नसती.

ग्रिपा काढल्या. साबणाने आतून बाहेरून धुतल्या, तेलाचा वाससुद्धा ठेवला नाही. दांडा आणि नळी पेट्रोलच्या फडक्याने पुसली. सगळं उन्हात खडखडीत वाळवलं. मग रबराचा गोंद पातळ लावून, गोंद ओला आहे तोवर ग्रिप आत. त्यातही उजवीकडे आतल्या कडेला नखाएवढी फट ठेवली, म्हणजे रबर शेजारच्या दिव्या-हॉर्नच्या बटणांच्या डबीला घासणार नाही आणि हात सोडला की ॲक्सिलरेटर आपोआप मागे येईल. ढकलताना हिने मागून माझ्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून ढकललं. न बोलावता आली होती. 

रेघही हिच्याकडूनच मारून घेतली. कापडावर खडूने मारते तशी, एका दमात, सरळ. म्हणाली, "आता ही तुटली नाही तर?"

म्हटलं, तर ग्रिप पक्की.

"आणि हात तरीही निसटला तर?"

म्हटलं, रेघ न तुटता हात निसटेलच कसा? काहीही विचारते.

'होऊन जाईल' रस्त्याने चालला होता, तोही आत आला. दोन्ही हातांनी ग्रिप पिळून पाहिली, हलली नाही. म्हणाला, काका, माझ्याकडूनसुद्धा एवढी पक्की बसत नाही. मला बरं वाटलं, आणि लगेच रागही आला, की मग गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं हा करतो तरी काय.

१७ फेब्रुवारी

पडलो. दोघंही पडलो.

जसं झालं तसं लिहितो.

ही मागे बसायला तयार झाली, याचा मला आनंद झाला होता. एवढंच म्हणाली की हळू चालवा. लेक स्कूटरवरून आमच्या मागे मागे. विचारलं, तू कशाला? तर म्हणे, माझं त्याच बाजूला काम आहे. ही एरवी गाठोड्याला धरून बसते. आज दोन्ही हात माझ्या कमरेला.

पुलाचा चढ निघाला. मी म्हटलंसुद्धा, बघ, ग्रिप कशी मस्त धरून आहे. उतारावर पुढे एक टेम्पो थांबला. मी ब्रेकसाठी बोटं लांबवली. बोटं लांबली, पण मिटली नाहीत. मी दाबत होतो, जीव खाऊन दाबत होतो, आणि हात पाणी निसटावं तसा ग्रिपवरून निसटला. मी पायाचा ब्रेक मारला, चाक घसरलं आणि आम्ही आडवे. गाठोडं सुटलं. नव्याकोऱ्या गणवेशांचा रस्त्यावर सडा.

मी उठलो. आणि उठून मी काय केलं? गाडीपाशी गेलो. गुडघ्यावर बसलो आणि रेघ पाहिली.

रेघ सरळ होती. हिने मारली होती तशीच, अर्धी रबरावर, अर्धी नळीवर. एका केसानेही हललेली नव्हती. मी बोट लावून पाहिलं. रबर पिळून पाहिलं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मला ती रेघ तुटलेली हवी होती. देवाशपथ, इतकं मी कधी काही मागितलं नाही.

मागून हिचा आवाज आला. ही रस्त्यावर बसलेली होती, गुडघ्यावर साडी फाटून रक्त आलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "रेघ बघून झाली असेल तर मला उठवा."

मी उजवा हात पुढे केला. हिने तो धरला. मी ओढलं आणि हिची बोटं माझ्या हातातून निसटून गेली. ही पुन्हा खाली बसली. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या डाव्या हाताला धरलं आणि उठली.

लेक धावत आली. दोघींनी गणवेश गोळा केले. मग हिने लेकीकडून स्कूटरची किल्ली घेतली, पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि पुढे बसली. मला म्हणाली, बसा मागे. मी म्हटलं, तुला चालवता येते? लेक म्हणाली, बाबा, महिना झाला. कोपर, तडकलेला आरसा, मैदान. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त तपासनीसाला नव्हतं.

बसलो. गाडी आणि गाठोडं लेकीने मागून घरी आणवलं. वळण ही जरा मोठं घेते.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. माझ्या उजव्या मुठीत तिने स्वतःचं बोट दिलं आणि म्हणाली, दाबा. मी दाबलं.

म्हणाली, "दाबा ना काका, घाबरू नका, मला दुखणार नाही."

मी म्हटलं, "मी दाबतोय."

तिने बोट काढून घेतलं. ही खिडकीकडे बघत राहिली.

मानेत नस दबली आहे म्हणे, बरेच महिने झाले असणार. गोळ्या, व्यायाम, पुढे कदाचित ऑपरेशन. गाडी बंद. हातात जोर परत येईल का विचारलं, तर म्हणाली, बघू. आमच्या कारखान्यात कागदावर कुणी 'बघू' लिहिलं असतं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. पास म्हणा नाहीतर नापास म्हणा. बघू काय?

घरी येऊन मी गाडीला लाथ घातली. पायाला लागलं. गाडी उभीच्या उभी. ग्रिपा पक्क्या, सुंदर बसलेल्या. आयुष्यात एकच काम स्वतःच्या हाताने चोख केलं आणि त्याच कामाने मला नापास केलं. जन्मभर मी मानत आलो की प्रत्येक चुकीमागे कुणीतरी असतो. त्याला शोधायचा आणि झापायचा. आता कुणाला झापू? ट्रकवाल्याला? 'होऊन जाईल'ला? त्या बिचाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पडलात का कुठे. इतका राग आलाय आणि तो ठेवायला जागा नाही.

मागची पानं चाळली. माझंच अक्षर मला लागत नाही. पेन, कप, काजं, वॉशर. सगळ्यांना शिव्या घालून झाल्यात माझ्या.

२६ फेब्रुवारी

आज गाठोडं पोचवलं. ही पुढे, मी मागे, गाठोडं माझ्या पोटाशी. पुलावर तोच ट्रकवाला होता की दुसरा, देव जाणे, पण त्याने हॉर्न दिला आणि हिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी पाहिलं. चांगलं खाऊ की गिळू बघितलं.

परत आल्यावर हिला म्हटलं, स्कूटर काय कुणीही चालवतं. गियरची गाडी शिकायची तर शीक, ग्रिपा नव्या आहेत. ही म्हणाली, ओरडणार असाल तर नाही शिकायची. म्हटलं, ओरडणार. म्हणाली, मग रविवारपासून.

दुपारी ही शिवणाच्या टेबलाशी काहीतरी करत होती. ती चावकी कात्री खणातून बाहेर काढली होती आणि जुन्या ग्रिपचा तुकडा कापत होती. म्हणाली, आता ही रबराचीच कात्री. त्या रबराची पट्टी तिने माझ्या पेनाभोवती गुंडाळली, जाड्या दोऱ्याने कडेकडेने शिवली आणि माझ्या रंगाच्या डबीतून ब्रश बुडवून तिच्यावर एक पांढरी रेघ मारली, अर्धी रबरावर, अर्धी पेनावर. माझी चेष्टा करते. मी चिडलो. मग पेन घेतलं.

हे सगळं त्याच पेनाने लिहिलंय. अक्षर घाणेरडं आलंय, हात दुखतोय आणि माझा राग अजून गेलेला नाही. पण शेवटच्या ओळीपर्यंत पेन हातातून सुटलं नाही.